अल्पमुदतीचे भांडवल

भांडवल तुटपुंजे असले की व्यापारी माल निवडून भरतो. हॅकेथॉन या संगणकीय स्पर्धेत वेळ हेच भांडवल असते. एक-दोन दिवसांत चालते ॲप उभे करायचे असते.

मे २०१० मध्ये न्यूयॉर्क येथे ‘टेकक्रंच डिसरप्ट’ परिषदेच्या हॅकेथॉनमध्ये जॅरेड हेक्ट आणि स्टीव्ह मार्टोची यांनी ‘ग्रुपमी’चा पहिला नमुना तयार केला. कोण कोठे आहे, कोठे जमायचे, हे मित्रमंडळातील सर्वांना एकाच वेळी कळावे, एवढीच गरज त्यांनी निवडली. संदेशवहनाची स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात त्यांनी वेळ दवडला नाही. ‘ट्विलिओ’ कंपनीची तयार सेवा जोडून साध्या एसएमएसवर काम भागविले. त्यामुळे साधा फोन बाळगणाराही गटात सामील होऊ शकला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, स्काइपने ही कंपनी विकत घेत असल्याचे जाहीर केले.

आपल्या घरातील मुले अशा स्पर्धेस निघाली, तर बक्षिसाची चौकशी मागाहून करावी. आधी दोनच प्रश्न विचारावेत : गरज कोणाची भागणार, आणि वेळेअभावी काय वगळणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तयार असेल, तर जागरण सत्कारणी लागेल.