पिवळा धोत्रा : ओळख, उपयोग आणि अपाय

पौष-माघात वऱ्हाडातील कोणत्याही खेड्याची शीव ओलांडली की पिवळा धोत्रा नजरेस पडल्यावाचून राहत नाही. हरभरा घाट्यावर आलेला असतो, कपाशीची शेवटची वेचणी चालू असते, आणि शेताच्या धुऱ्यावर, गाडीवाटेच्या कडेला, पूर्णा, मोर्णा किंवा पेढी नदीच्या काठच्या गाळात, उकिरड्यापाशी आणि पुष्कळदा शाळेच्या कुंपणालगतही ही काटेरी रोपटी पिवळ्या फुलांनी डवरलेली असतात. गुरे या झाडाला तोंड लावीत नाहीत, शेतकरी ते तण म्हणून उपटून टाकतो, आणि शाळेत त्याच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक परिसर अभ्यासाच्या तासाला इतके सोयीचे व बोधप्रद झाड दुसरे क्वचितच मिळेल. शिवाय त्याची ओळख मुलांना करून देणे हा केवळ माहितीचा प्रश्न नसून मुलांच्या व त्यांच्या घरच्यांच्या प्रकृतीचाही प्रश्न आहे.

ओळख

पिवळा धोत्रा ही वर्षायू वनस्पती होय. पावसाळा सरता सरता तिचे बी रुजते, हिवाळ्यात झाड वाढते, आणि उन्हाळ्यात फळे पिकवून ते वाळून जाते. उंची साधारणपणे एक ते तीन फूट भरते. पाने देठरहित असून त्यांचा तळ खोडाला अर्धवट वेढतो. पानांच्या कडा खोलवर कातरलेल्या असतात आणि प्रत्येक टोकाला तीक्ष्ण काटा असतो. पानांचा रंग निळसर हिरवा. त्यावर शिरांच्या बाजूने पांढुरके पट्टे उमटलेले दिसतात. फूल नसतानाही एवढ्या खुणेवरून हे झाड ओळखता येते.

फूल फांदीच्या टोकाला एकेकटे येते. कळीवर तीन संदले असतात व प्रत्येकाच्या टोकाशी लहानसे शिंग असते. कळी उमलताच ही संदले गळून पडतात. म्हणून उमललेल्या फुलात ती शोधूनही सापडत नाहीत. पाकळ्या बहुधा सहा असतात व त्या तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत मांडलेल्या असतात. मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांची दाटी असून तीतून गडद लाल रंगाचा कुक्षीचा भाग डोकावतो.

फळ म्हणजे काटेरी बोंड. कपाशीचे बोंड पूर्ण उकलते हे वऱ्हाडातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पिवळ्या धोत्र्याचे बोंड मात्र केवळ टोकाशी चार ते सहा झडपांनी उघडते. वाऱ्याने झाड हलले की चाळणीतून पडावे तसे थोडे थोडे बी सभोवार विखुरते. एका बोंडात शेकडो बिया असतात आणि त्या जमिनीत कित्येक वर्षे न रुजता टिकू शकतात. एकदा शेतात शिरलेले हे तण एका हंगामाच्या निंदणीने का हटत नाही, याचा उलगडा यातून होतो.

सर्वांत ठळक खूण चिकाची. पान किंवा फांदी मोडली की हळदीसारखा पिवळा चीक येतो. रुईचा चीक पांढरा असतो हे मुलांना माहीत असते; दोहोंतील हा भेद त्यांच्या सहज ध्यानात राहतो.

नावांची गफलत

नावात धोत्रा असला तरी हा खरा धोतरा नव्हे. महादेवाला वाहतात त्या धोतऱ्याचे फूल लांब कर्ण्यासारखे, पांढरे किंवा जांभळट असते आणि त्या झाडाला पिवळा चीक नसतो. त्याचे कुल वांग्या-मिरचीचे. पिवळा धोत्रा हा अहिफेन कुलातील, म्हणजे अफूच्या नात्यातील आहे. दोन्हींची फळे काटेरी असल्यामुळे लोकांनी एकाचे नाव दुसऱ्याला दिले असावे. दोन्ही झाडे विषारी असली तरी त्यांची विषे निराळी आणि लक्षणेही निराळी आहेत. म्हणूनच मुलाने ‘धोत्रा खाल्ला’ असे कोणी सांगितले तर कोणता धोत्रा, हे विचारून घेणे अगत्याचे असते.

‘फिरंगी धोत्रा’ आणि ‘विलायत’ ही त्याची आणखी दोन नावे. ती या झाडाचा इतिहास सांगतात. हे झाड मूळचे मेक्सिको व त्याच्या आसपासच्या प्रदेशातले. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली त्याला ‘आर्जेमोनी मेक्सिकाना’ असे शास्त्रीय नाव दिले. युरोपीय जहाजांचे अमेरिकेशी दळणवळण सुरू झाल्यानंतरच ते भारतात पोचले. पुढे काही वैद्यकीय ग्रंथांत त्याला ‘स्वर्णक्षीरी’ म्हटले गेले, कारण त्याचा चीक सोन्यासारखा पिवळा. परंतु स्वर्णक्षीरीचा उल्लेख चरकसंहितेत आहे आणि ती संहिता या झाडाच्या आगमनापूर्वी हजाराहून अधिक वर्षांची आहे. तेव्हा चरकांची स्वर्णक्षीरी ही दुसरीच कोणती तरी वनस्पती असली पाहिजे. जुने नाव नव्या झाडाला मिळाले म्हणजे जुन्या औषधीचे गुणही त्यात आले असे होत नाही.

परंपरेतील उपयोग

लोकांनी या झाडाचे नाना उपयोग केले. पिवळा चीक खरूज, गजकर्ण व जुनाट जखमा यांवर लावीत. डोळे आले असता तो डोळ्यांत घालण्याची चालही अनेक प्रांतांत होती. बियांचे तेल दिव्यात जाळीत आणि पेंड खत म्हणून शेतात टाकीत. कोवळी झाडे फुलण्यापूर्वी जमिनीत गाडून त्यांचे हिरवळीचे खतही करीत. दिव्याचा व खताचा उपयोग समजण्याजोगा आहे. डोळ्यांच्या उपयोगाचा मात्र वेगळा विचार केला पाहिजे.

आर्जेमोनी हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थच डोळ्यावरचा पांढरा ठिपका असा आहे. प्राचीन ग्रीक लोक त्या नावाच्या एका वनस्पतीने असा डोळा बरा होतो असे मानीत. येथेही नाव एका वनस्पतीचे आणि ते मिळाले दुसरीला. प्रत्यक्षात हा चीक डोळ्यांत गेल्यास दाह होतो व इजा होऊ शकते. आणि याच झाडाचे तेल पोटात गेलेल्या रोग्यांच्या डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू झाल्याची नोंद वैद्यकात आहे.

याचा अर्थ परंपरेतील सर्व ज्ञान टाकाऊ असा मात्र नव्हे. आफ्रिकेतील माली या देशात हिवतापावर या झाडाचा काढा देण्याची प्रथा होती. तेथील संशोधकांनी ती हसण्यावारी नेली नाही. विद्यमान शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ३०१ रोग्यांवर त्या काढ्याची आधुनिक औषधाशी रीतसर तुलना करून पाहिली. तथापि ती परीक्षा जाणत्या वैद्यकांच्या देखरेखीखाली झाली होती. घरच्या घरी असा काढा करून पिण्यास तिचा आधार घेता येणार नाही.

बियांतील विष

या झाडाचा खरा धोका त्याच्या बियांत आहे. बी बारीक, गोल, काळसर आणि आकाराने मोहरीएवढे असते. उत्तरेकडे मोहरी पिकते त्याच सुमारास हेही पिकते. त्यामुळे खळ्यावर चुकून, किंवा लोभी व्यापाऱ्याच्या हातून हेतुपुरस्सर, ते मोहरीत मिसळले जाते. त्या मोहरीच्या तेलात सँग्विनरीन नावाचे विष उतरते. ते शरीरातील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या सैल करते व त्यांतून द्रव बाहेर पाझरू लागतो. प्रथम जुलाब होतात, मग दोन्ही पाय सुजतात, कातडी लाल पडते, धाप लागते, आणि हृदय दुबळे होऊन रोगी दगावूही शकतो. तेलात शेकडा एक इतकी भेसळही रोगास पुरेशी ठरते.

कलकत्त्यास १८७७ साली या रोगाची पहिली साथ नोंदली गेली. पुष्कळ वर्षे तो संसर्गजन्य समजला जाई, कारण एका घरातील माणसे एकदमच आजारी पडत. परंतु अंगावर पिणारी तान्ही मुले बहुधा वाचत. रोग माणसाकडून माणसाकडे जात नव्हता. तो एका चुलीवरच्या अन्नातून येत होता. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमधील संशोधनाने दोष पिवळ्या धोत्र्याच्या तेलावर निश्चित केला. तरीही १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने सुमारे ६० माणसे मृत्युमुखी पडली व हजारो आजारी झाली.

वऱ्हाडात मोहरीचे तेल स्वयंपाकात फारसे वापरीत नाहीत. येथे पूर्वी जवस, करडी, तीळ व भुईमूग यांची तेले खात. म्हणून अशा मोठ्या साथीचे भय येथे कमी. तथापि मोहरी फोडणीत असते, तिची डाळ लोणच्यात पडते, आणि मोहरीचे तेल मालिशीसाठी काही घरांत आणले जाते. अशा भेसळीच्या तेलाने मालीश केल्यामुळेही सूज आल्याच्या नोंदी आहेत. शिवाय लहान मुले खेळता खेळता बी तोंडात घालतात, ते निराळेच.

फोडणीच्या आचेने हे विष जळून जाते, असा समज करून घेऊ नये. इंग्लंडच्या कुरणांत बटरकप नावाचे पिवळ्या फुलाचे झाड उगवते. ते मोरवेलीच्या कुलातील असून वनस्पतिशास्त्रज्ञ आज त्या कुलाला व अहिफेन कुलाला एकाच गणात घालतात. त्याचाही ताजा रस कातडीला फोड आणतो आणि गुरे त्याला टाळतात. परंतु ते गवतात वाळले की त्याचे विष नाहीसे होते व तो कडबा गुरे निर्धास्त खातात. पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तसे नाही. वाळलेले बी तितकेच घातक असते.

मोहरी व हे बी यांतील भेद साध्या भिंगाने दिसतो. मोहरीचा दाणा गुळगुळीत भासतो. धोत्र्याचा दाणा खरबरीत, जाळीदार दिसतो. दाणा चिरडला असता मोहरी आतून पिवळी निघते, धोत्र्याचे बी पांढरे.

शाळेतील पाठ

हा पाठ माघ महिन्यात, झाडावर फूल व हिरवे बोंड दोन्ही असताना घ्यावा. फांदी शिक्षकाने स्वतः, हाताला जाड फडके गुंडाळून, खुरप्याने कापावी. मुलांना तोडू देऊ नये. पाने, पाकळ्या व बोंडाच्या झडपा मुलांनी लांबून मोजाव्यात व वहीत चित्र काढावे. दोन लहान बाटल्यांत मोहरी व धोत्र्याचे बी घालून बुचे पक्की बंद करावीत आणि भिंगातून दोहोंतील फरक एकेका मुलास पाहू द्यावा. दाणे चिरडून दाखविण्याचे काम शिक्षकाने कागदावर करावे, कागद लगेच पुरून टाकावा व हात धुवावेत. ‘विषारी’ असे लिहिलेली बाटली कुलुपाच्या कपाटात ठेवावी.

चर्चेच्या वेळी एखादे मूल हमखास सांगेल की आपली आजी हा चीक डोळ्यांत घालते. अशा वेळी वर्गात हशा पिकू देऊ नये. ज्या काळी गावात दवाखाना नव्हता, त्या काळी हाताशी असेल त्या झाडाने आजीने लेकरांची दुखणी निवारण्याचा प्रयत्न केला. त्यामागे माया होती, हे शिक्षकाने आधी सांगावे. मगच आज अधिक माहिती हाती आली आहे, असे सांगावे. शाळेत आजीचा उपहास झाला तर मूल घरी काहीच बोलणार नाही, आणि पाठाचा हेतू तेथेच संपेल. मान राखून सांगितलेली गोष्ट मात्र तेच मूल चुलीपर्यंत पोचवील.

मुलाने बी खाल्ल्याचे कळल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. त्यास ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे अथवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि झाडाची फांदी सोबत न्यावी. चीक डोळ्यांत गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवावा व डॉक्टरांना दाखवावा.

पाठ संपल्यावर शाळेच्या आवारातील झाडे मोठ्या माणसांच्या मदतीने मुळासकट काढावीत, आणि ती बोंडे पिकून टोके उघडण्यापूर्वीच काढावीत. बी एकदा मातीत पडले की तेच काम पुढे कित्येक वर्षे करीत राहावे लागते.