जुन्या ट्रान्समीटरचा आवाज

धारहून मांडवगडला जाताना वाटेत आमचं नालछा लागतं. इथे मी हॅम रेडिओचा छंद जोपासतो. माझा 807 व्हॉल्व्हचा एएम ट्रान्समीटर वयाने माझ्याहून मोठा आहे. त्याचा सिग्नल दूरवर पोचायचा, पण ऐकणारे म्हणायचे, “आवाज घुमतोय, शब्द कळत नाहीत.” अनेक जुने सेट अशाच तक्रारीमुळे भंगारात जातात. खरं तर इलाज पाच-दहा रुपयांच्या भागांत असतो.

एएममध्ये आपल्या आवाजाप्रमाणे रेडिओलहरीची ताकद कमी-जास्त होते. हे काम मॉड्युलेटर करतो. शेवटच्या व्हॉल्व्हला 40 वॅट देत असाल, तर पूर्ण मॉड्युलेशनसाठी 20 वॅट आवाज लागतो. त्यातला बराचसा खर्जात गेला, तर शब्दांच्या वाट्याला थोडाच उरतो.

म्हणून मी पहिल्यांदा जुने कागदी कॅपॅसिटर बदलले. ते गळू लागले की पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो व्होल्टेज जातो आणि आवाज फाटतो. मग 470 किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरआधीचा 0.01 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर काढून 0.001 चा बसवला. त्यामुळे साधारण 34 हर्ट्झपासून जाणारा आवाज आता 340 हर्ट्झपासून जातो. घुमणं थांबलं.

वरचे स्वर मात्र जपावे लागतात. ते फार कापले तर ‘साल’ आणि ‘शाल’ सारखेच ऐकू येतात. मी 3000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ठेवला. म्हणजे बँडवर 6 किलोहर्ट्झ जागा लागते. मॉड्युलेशन शंभर टक्क्यांपुढे गेलं, तर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर खरखर पसरते आणि दुसऱ्याचं बोलणं बुडतं. आपत्तीच्या वेळी तिथे कुणी मदत मागत असेल, याचं भान हवं.

याच बँडला आपल्याकडे इतिहास आहे. 1942 मध्ये मुंबईत उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी चालवलेला गुप्त काँग्रेस रेडिओ 42.34 मीटरवर, म्हणजे सुमारे 7.08 मेगाहर्ट्झवर होता. आज आम्ही हॅम मंडळी ज्या 40 मीटर बँडवर गप्पा मारतो, त्याच्याच आत.

घरात आजोबा-काकांचा असा सेट असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. पण स्वतः उघडूही नका. आत 600 व्होल्ट किंवा जास्त असू शकतात आणि वीज काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार उरतो. जाणकाराला बोलवा. काढलेले भाग पाकिटात ठेवा, बदल सर्किटच्या कागदावर लिहा, म्हणजे पुढच्या पिढीला सेट मूळ रूपात आणता येईल. आणि प्रक्षेपणासाठी सरकारी परवाना हवाच. परीक्षा फार अवघड नाही, घरातल्या मुलांनाही बसवा!