अवघड जागेचे दुखणे

शीर्षक वाचून कोणाला मूळव्याध आठवली असेल तर माफ करावे. तो विषय पुढे कधी तरी घेऊ. आजची ‘जागा’ गाण्यातली आहे.

पोळा आटोपला आणि गावोगावी नाटकांच्या तालमी सुरू झाल्या, त्या सुमारास सत्ताविशीचा एक तरुण दवाखान्यात आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ‘‘डॉक्टरसाहेब, उजव्या हातात ताकदच नाही राहिली जी. एखादं ताकदीचं इंजेक्शन द्या.’’ हाताची पकड तपासली तर माझीच बोटे दुखली. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, मान ठीक, थायरॉइडची थरथर नाही. मग कळले की गडी एका नाटक मंडळात ऑर्गन वाजवतो आणि एका पदातल्या उतरत्या तानेवर आला की त्याची बोटे थिजतात. बाकी पद लोण्यासारखे.

आपल्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडसा-देसाईगंजची मंडळे रात्र-रात्र प्रयोग करतात. ऑर्गनवाला अडला तर गाणारा नट उघड्यावर पडतो. मागच्या हंगामात एका मंडईत तसेच झाले होते. तान चुकली आणि नटाने भर रंगमंचावर मागे वळून पाहिले. एवढेच. पण ती नजर या मुलाच्या बोटांत जाऊन बसली.

दुपारी दवाखाना रिकामा असताना त्याला पेटी घेऊन बोलावले. अवघड तानेची सरगम नुसती तोंडाने म्हणायला लावली. बिनचूक म्हटली. म्हणजे विसरलेला नव्हता. तानेच्या पुढून वाजवायला सांगितले, तेही ठीक. मग सुरुवातीपासून चार वेळा वाजवून घेतले आणि मी फक्त बोटांकडे पाहत राहिलो. चारही वेळा तो अडला. पण अंगठ्यावरून बोट जायची वेळ प्रत्येक फेरीला वेगळी होती. कधी मधले बोट आधी, कधी अनामिका. घाईच्या जागी हाताला ठरलेली वाटच नव्हती. ‘मनाचा अडथळा’ म्हणून आपण जे सोडून देतो, त्यात बरेचदा अशी साधी कच्ची वीट असते.

दुसरी चूक रियाजाची. अडले की हा पठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा आणि धावत येऊन त्याच खड्ड्यात पडायचा. दिवसातून तीस वेळा. चूक असो की बरोबर, जे वारंवार घडते ते मेंदू पक्के करतो. म्हणजे गड्याने अडखळण्याचाच रियाज केला होता.

आणि भीती. ती जागा जवळ आली की अ‍ॅड्रिनलिन वाढते, छाती धडधडते, बोटे गार पडतात, मनगट ताठरते. सवयीचे काम लहान मेंदू आणि मेंदूचे खोलवरचे भाग आपोआप करत असतात. भ्यालेला माणूस त्यात लक्ष घालून एकेक बोट हुकमाने हलवू पाहतो आणि चालते काम बिघडते. याचा अनुभव मला इंटर्नशिपमध्ये आला. एका लहान मुलाची शीर दोनदा चुकली, त्यानंतर आठवडाभर धडधाकट माणसांच्या दोरीसारख्या शिराही मला सापडेनात!

उपाय कंटाळवाणे आहेत. प्रथम त्या तानेत कोणते बोट कोणत्या पट्टीवर हे पेन्सिलीने लिहून कायम केले. मग चूक होऊच शकणार नाही इतक्या संथ लयीत, फक्त तानेचे शेवटचे तीन स्वर. ते जमले की त्यामागचा एक स्वर जोडायचा. असे उलटे मागे सरकत गेल्याने पुढची वाट नेहमी ओळखीची राहते. मधूनच कुठूनही सुरू करायचे. रोज दहा-दहा मिनिटे दोनदा, जास्त नाही. रात्री पुरती झोप, कारण हाताने शिकलेले झोपेत पक्के होते. शेवटी घरच्या चार माणसांसमोर वाजवायचे, आणि चुकले तरी थांबायचे नाही.

‘थोडी घेतली की हात मोकळा होतो’ असे सांगणारे जाणकार प्रत्येक मंडळात भेटतात. मोकळा होतो तो हात नव्हे, लाज. चूक होतेच, फक्त कळत नाही. प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी धडधड कमी करते हे खरे. पण दमेकऱ्याला ती धोक्याची आहे, आणि मधुमेहात साखर उतरल्याची खूण झाकते. मेडिकलमधून परस्पर घेऊ नये.

एक वेगळा आजारही ध्यानात ठेवावा. वाजवतानाच, दुखल्याशिवाय, एखादे बोट आपोआप आत वळत असेल तर तो डिस्टोनिया असू शकतो. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६४ च्या सुमारास असाच गेला. अनेक वर्षे ते डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिले, १९९० च्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी उजवा हात बराच परतला. इथे जादा रियाज औषध नव्हे. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे.

मनाच्या अडथळ्याची प्रसिद्ध गोष्ट रशियन संगीतकार रखमानिनोव यांची. १८९७ मध्ये पहिली सिम्फनी पडली आणि त्यांचे रचना करणेच खुंटले. १९०० मध्ये डॉ. निकोलाय डाल यांनी संमोहन आणि गप्पा यांनी त्यांना सावरले. पुढचा पियानो कॉन्चेर्टो त्यांनी या डॉक्टरांनाच अर्पण केला. आम्हाला बरे झालेले पेशंट फार तर नवा तांदूळ आणून देतात. तक्रार नाही, तांदूळ चांगला असतो.

आमचा ऑर्गनवाला भाऊबीजेनंतरच्या मंडईत वाजवून आला. ‘‘जरा अडखळलो जी, पण थांबलो नाही. नटाला समजलंही नाही.’’ जाताना ताकदीचे इंजेक्शन त्याने मागितलेच. यावेळी आईसाठी.