‘पर्यंत’ आणि ‘टिल्’

‘टिल्’ हा इंग्रजी शब्द इतका लहान कीं, त्याच्यावर एक सबंध भाषण खर्चावें काय, असें आपणांस वाटेल. धाराशिव जिल्ह्यांतील शाळांत मीं बरींच वर्षें इंग्रजी शिकविलें. पण या शब्दानें मुलांना जितकें चकविलें तितकें लांबलचक शब्दांनींही चकविलें नाहीं.

दोष मुलांचा नव्हे, आपल्या ‘पर्यंत’चा. ‘सोमवारपर्यंत थांबा’ आणि ‘सोमवारपर्यंत अर्ज द्या’ हीं दोन वाक्यें पाहा. पहिल्यांत थांबणें सोमवार येईतों सारखें चालू आहे. दुसऱ्यांत अर्ज एकदांच द्यावयाचा. सोमवार ही त्याची शेवटची मुदत. इंग्रजींत चालू क्रियेस ‘टिल्’ व मुदतीच्या आंत उरकावयाच्या क्रियेस ‘बाय्’ लागतो. ‘किती वेळ?’ असें विचारतां आलें तर ‘टिल्’, ‘केव्हांच्या आंत?’ असें विचारतां आलें तर ‘बाय्’. आमच्या वडील पिढीचें माध्यमिक शिक्षण १९४८ पर्यंतच्या निजामी अंमलांत बहुधा उर्दूंतून झालें. पण उर्दूचा ‘तक’ही हीं दोन्ही कामें करतो, तेव्हां तिकडूनही मदत नाहीं. कोरियन भाषेंत ‘क्काजी’ हा एकच प्रत्यय दोहोंस पुरतो. म्हणून तेथील विद्यार्थीही येथेंच अडखळतात.

माझ्या एका विद्यार्थ्यास पुण्याच्या एका कारखान्यांतून नोकरीचें बोलावणें आलें. त्यानें उत्तरीं लिहिलें, ‘आय् शॅल् बी देअर टिल् द टेन्थ.’ दहा तारखेच्या आंत हजर होतों, असें त्यास म्हणावयाचें होतें. साहेबांनीं अर्थ घेतला कीं, हा गृहस्थ दहा तारखेस निघून जाणार! जागा दुसऱ्यास गेली. तें पत्र टपालांत पडण्यापूर्वीं मीं वाचलें होतें, आणि मलाही त्यांत कांहीं खटकलें नव्हतें.

‘अन्टिल्’ची खोड निराळी. ‘जोपर्यंत पाऊस पडत नाहीं तोपर्यंत पेरूं नका,’ असें आपण दोनदां नकार घालून बोलतों. इंग्रजींत नकार एकदांच: ‘डू नॉट सो अन्टिल् इट् रेन्स्.’ मुलें हटकून तेथें दुसरा ‘नॉट’ घुसडतात. यास उपाय सोपा आहे. वाक्य आधीं मनांत ‘पाऊस पडेपर्यंत पेरूं नका’ असें वळवून घ्यावें, मग भाषांतर करावें.

राहिली एक शंका. ‘सोमवारपर्यंत रजा’ असेल, तर सोमवारीं कामावर जावयाचें कीं मंगळवारीं? येथें इंग्रजीही संदिग्धच आहे. म्हणून सावध कारकून ‘अप् टु अँड इन्क्लूडिंग मंडे’ असें लांबण लावून लिहितात. आपल्याकडे ‘सोमवार धरून’ म्हटलें कीं झालें.