वेळासची टोपली

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की आमच्या घरी थंडीच्या सहलीचा वाद पेटतो. मला महाबळेश्वर हवे असते, सौभाग्यवतींना माहेर, आणि चिरंजीवांना साक्षात वाघ! मागच्या खेपेस तिन्ही ठराव नामंजूर होऊन आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस वेळासला गेलो, कासवांची पिले पाहायला. ‘नक्की दिसतील’ असे वचन मी निघतानाच देऊन बसलो होतो. ही माझी पहिली चूक.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले, नाना फडणिसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. हरिहरेश्वराकडून बागमांडल्याला यावे, मोटारीसकट फेरीबोटीत चढून सावित्रीची खाडी ओलांडावी, वेश्वीला उतरावे आणि बाणकोटावरून समुद्राच्या कडेकडेने गावात शिरावे. उतरायचे ते गावातल्याच घरी. नारळी-पोफळींची सावली, पानात कुळथाचे पिठले नि सोलकढी! सौभाग्यवती माहेर विसरल्या.

संध्याकाळी पुळणीवर गेलो. सुरूच्या झाडांजवळ जाळीचे कुंपण, आत वाळूत ओळीने तारखांच्या पाट्या. ऑलिव्ह रिडले जातीची मादी नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा उकरते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू थापते नि निघून जाते. ती पोरांचे तोंड पाहायला परत येत नाही. कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी गावकरी ती अंडी उचलून या कुंपणात तसाच खड्डा करून ठेवतात. पंचेचाळीस ते साठ दिवस ऊब द्यायची ती वाळूने. आणि गंमत अशी, की वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात, कमी तापली तर नर. पिले बाहेर यायच्या सुमारास खड्ड्यावर टोपली पालथी घालतात.

सगळ्यांनी माना उंचावल्या. राखणदाराने टोपली उचलली. खाली नुसती वाळू!

“एवढ्या लांबून आलो त्याचं काय?” गर्दीतले एक गृहस्थ कडाडले, जणू तिकिटाचे पैसेच परत हवेत. आमचे चिरंजीव काही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

गर्दी पांगल्यावर राखणदार आमच्याजवळ येऊन बसला. “खोटं कशाला सांगू? माझ्या लहानपणी हीच अंडी टोपलीनं बाजारात जायची. आम्हीही खाल्लीत.” १९७२ च्या कायद्याने कासवाला संरक्षण दिले खरे, पण कायदा काही रात्री पुळणीवर गस्त घालत नाही. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने इथे काम सुरू केले आणि गावकरीच गस्तीला उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास पुन्हा गेलो. अंगात स्वेटर, ओल्या वाळूवर पाणपक्ष्यांची धावपळ, वर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. टोपली उचलली आणि वाळू हलू लागली. तेवीस! तळहातावर मावतील अशी काळी पिले. ती पाण्यात नेऊन सोडत नाहीत, थोडी अलीकडे ठेवतात. आपल्या किनाऱ्याची ओळख त्यांना या चालण्यातच होते, असे जाणकार मानतात. एकाला लाटेने उलटे करून मागे फेकले. चिरंजीव धावले.

“हात नको लावू बाळा. त्याचं त्याला जमू दे.”

पिलू सावरले, वळले, पुन्हा निघाले. तिसऱ्या लाटेने त्याला नेले.

“यातली मोठी किती होणार?” चिरंजीवांनी विचारले.

“हजारात एखादं म्हणतात.”

त्याने बोटांवर हिशेब केला. तेवीस काही हजाराच्या जवळपासही जात नव्हते. परतताना फेरीबोटीत तो कठड्याला धरून सबंध वेळ पाण्याकडेच पाहत राहिला. वाघाचे नाव त्याने अजून काढलेले नाही. यंदा किती दिवस मुक्काम करायचा, एवढेच विचारतो.