काजळीचा कण आणि खाडीचे पाणी

मौजे जोहे, तालुका पेण, येथील गणपतींच्या कारखान्यांत ज्या काळ्या रंगाने मूर्तींच्या डोळ्यांची आखणी होते, त्या रंगाचा काळेपणा बहुधा कार्बन ब्लॅकचा, म्हणजे कारखान्यात मुद्दाम धरलेल्या काजळीचा असतो. आणि या काजळीचा मूळ कण इतका सूक्ष्म असतो, की मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पिले तर त्यांतील वीस ते पन्नास भागांएवढीच, म्हणजे वीस ते पन्नास नॅनोमीटर, त्याची रुंदी भरावी. मूर्तीवर वाळलेल्या रंगाच्या पापुद्र्यात हे कण बव्हंशी जखडलेले राहतात. परंतु ब्रश धुतलेल्या पाण्याबरोबर, चुलीच्या वा महामार्गावरील डिझेलच्या धुराबरोबर जे मोकळे सुटतात, ते ओढ्यात, विहिरीत, शेतात आणि अखेरीस धरमतरच्या खाडीत उतरल्यावर त्यांचे काय होते, याविषयी सुशिक्षितांतही काही भ्रामक समजुती रूढ आहेत.

गैरसमज : कार्बनचे नॅनोकण ही प्रयोगशाळेत निपजलेली अगदी नवी वस्तू आहे.

वस्तुस्थिती : नाव नवे आहे, वस्तू जुनी आहे. फुलरीन या कार्बनच्या पोकळ रेणूचा शोध १९८५ साली लागला आणि १९९१ साली जपानचे सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनलिकांकडे जगाचे लक्ष वेधले, हे खरे. परंतु दिव्यावर धरलेल्या काजळीत डिंक खलून केलेल्या ज्या शाईने आपल्याकडील पोथ्या आणि दप्तरे लिहिली गेली, त्या शाईतही कार्बनचे असेच सूक्ष्म कण होते. डिंकाचे काम केवळ अक्षर कागदाला धरून ठेवण्याचे नव्हते. कणांभोवती वेष्टन घालून ते एकमेकांस चिकटू न देणे व दौतीच्या तळाशी बसू न देणे, हेही त्याचेच काम होते.

गैरसमज : कार्बन पाण्याहून जड आहे, तेव्हा तो आपोआप तळाशी बसतो.

वस्तुस्थिती : कार्बन ब्लॅकची घनता पाण्याच्या सुमारे पावणेदोन पटींहून किंचित अधिक आहे, तथापि १८५१ साली स्टोक्स यांनी मांडलेल्या नियमाने हिशेब केला, तर पन्नास नॅनोमीटरचा एकटा कण दिवसाकाठी जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा खाली उतरतो, म्हणजे एक मीटर खोल विहिरीचा तळ गाठण्यास त्याला पाव शतकाहून अधिक काळ लागावा. प्रत्यक्षात तेही घडत नाही, कारण पाण्याचे रेणू त्याला अहोरात्र चहूबाजूंनी धक्के देत असतात. असे कण तळ गाठतात ते एकमेकांस चिकटून त्यांचे मोठे पुंजके झाले म्हणजेच.

गैरसमज : पाणी गोडे असो वा खारे, कणाला फरक पडत नाही.

वस्तुस्थिती : फरक पडतो तो येथेच, आणि तो निर्णायक असतो. पाण्यात बहुतेक कार्बनकणांच्या पृष्ठावर ऋण विद्युतभार असतो आणि समान भारामुळे ते परस्परांस दूर ठेवतात. पाण्यात क्षार वाढले की हा भार झाकला जातो, कण जवळ येतात आणि गुठळ्या धरतात. फुलरीनच्या कणांवरील प्रयोगांत असे आढळले, की जे काम करण्यास साधे मीठ लिटरला सुमारे सात ग्रॅम लागते, तेच काम कॅल्शियम क्लोराइड अवघ्या अर्ध्या ग्रॅममध्ये करते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणून नदीचे पाणी खाडीत मिसळते त्या टापूतच कण पुंजके धरून चिखलात बसू लागतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवणारी गृहिणी याच नियमाचा उपयोग करते, कारण तुरटीतील ॲल्युमिनियम या कामी मिठाहून कितीतरी समर्थ आहे. उलटपक्षी, पालापाचोळा कुजून ज्या गोड्या पाण्यात ह्युमिक द्रव्ये उतरतात, तेथे ही द्रव्ये शाईतील डिंकाप्रमाणेच वागतात. नैसर्गिक नदीजलातील अशा द्रव्यांच्या योगे नॅनोनलिका महिन्याहून अधिक काळ तरंगत राहिल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे.

गैरसमज : कण जितका बारीक, तितका तो वाळूमातीतून सहज झिरपून भूजलात जातो.

वस्तुस्थिती : तर्काला पटणारी असली तरी ही समजूत अपुरी आहे. अतिसूक्ष्म कण सरळ वाटेने वाहत नाही. तो भरकटतो, आणि भरकटता भरकटता वाळूच्या दाण्यांवर वारंवार आदळतो. आदळला की चिकटेल काय, हे पुन्हा क्षार आणि पृष्ठावरील भार यांवर अवलंबून असते. चिकटण्यास पाणी अनुकूल असेल, तर पन्नास नॅनोमीटरच्या कणापेक्षा एक मायक्रोमीटरच्या आसपासचा, म्हणजे वीसपट मोठा कणच वाळूतून अधिक दूर निसटतो. मात्र जमिनीला भेगा किंवा खेकड्यांची बिळे असतील, तर गाळणीचा हा सारा हिशेब फोल ठरतो.

गैरसमज : एकदा कण बसला, की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : बसणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. पेणच्या खारभूमीत उन्हाळ्यात मातीतील क्षार चढतात, आणि चिकणमाती व तिला बिलगलेले कण जागच्या जागी राहतात. मृगाचा पाऊस पडून ते क्षार धुऊन गेले, की सोडियमयुक्त माती पाण्यात फुटून विखुरते, तिच्याबरोबर काही कणही मोकळे होतात, आणि ओहोटीच्या वेळी बंदिस्तीची, म्हणजे खाडीकाठच्या बांधाची, उघाडी (पाणी सोडण्याचे दार) उघडली म्हणजे त्या गढूळ पाण्यासंगे खाडीत जातात. शिवाय काजळीच्या पृष्ठावर ज्वलनातून निघालेली अपायकारक सेंद्रिय द्रव्ये बसलेली असतात. कण तळाशी गेला की तीही चिखलात, तेथील जीवांच्या सान्निध्यात, जातात.

तात्पर्य, कण कोठे जाईल हे केवळ त्याचा आकार ठरवीत नाही; तो ज्या पाण्यात पडतो ते पाणी ठरविते. म्हणून कारखानदारांस व घरोघरी रंगकाम करणाऱ्यांस एवढीच विनंती, की ब्रश धुतलेले पाणी ओढ्यात वा विहिरीजवळ न ओतता पिंपात साठवावे, त्यात तुरटी फिरवून ते रात्रभर निवळू द्यावे, आणि तळाचा गाळ वाळवून वेगळा ठेवून कचरा नेणाऱ्यांच्या हवाली करावा.