चाल घराघरांत, नाव मात्र पडद्याआड

आपल्या देवगाव रंगारीच्या नावात रंगारी आहे. रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. लुगड्याचा रंग खुलून दिसला की बाया विचारतात, "कुठून घेतलं?" रंगवलं कोणी, हे कोणी विचारत नाही. गाण्याच्या चालीचेही तसेच होते.

१९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडीओ गेम आपल्याकडे आले. ज्याच्या घरी गेम, त्याच्या दारी गल्लीतली पोरे गोळा होत. काही जण दुकानात तासाचे पैसे भरून खेळत. लाल टोपीचा मिशीवाला मारिओ उड्या मारी आणि मागे एक चाल वाजत राही. ती पोरे आज चाळिशीला आली. ती चाल त्यांना अजून येते. ती बांधणाऱ्याचे नाव मात्र बहुतेकांनी ऐकलेले नाही.

त्यांचे नाव कोजी कोंदो. जन्म १९६१ चा, जपानमधील नागोया शहरात. पाचव्या वर्षी ते इलेक्ट्रॉनिक ऑर्गन शिकू लागले. पुढे मित्रांच्या बँडमध्ये वाजवू लागले. मोठ्या शास्त्रीय संगीताचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. कॉलेजच्या फलकावर निन्टेन्डो कंपनीची जाहिरात पाहून त्यांनी अर्ज केला आणि १९८४ साली नोकरीला लागले.

वाचकहो, त्या यंत्रात पेटी-तबला वाजत नव्हता. एका वेळी तीन सूर आणि ठेक्यासाठी खरखर, एवढेच कोंदोंच्या हाती होते. मारिओने उडी मारली की त्यातलाही एक सूर क्षणभर उडीच्या आवाजाला द्यावा लागे. शिवाय पोरे तासन्तास खेळणार, तेव्हा तीच चाल पुन्हा पुन्हा ऐकून कंटाळा यायला नको. कोंदोंनी बांधलेली पहिली चाल मारिओच्या धावण्याशी जुळेना. त्यांनी ती टाकून दिली आणि धावण्या-उडण्याच्या लयीत नवी बांधली. खेळ १९८५ साली बाजारात आला आणि त्याच्या चार कोटींवर प्रती खपल्या. पण खेळ संपल्यावर पडद्यावर कारागिरांची नावे येत नसत.

१९८६ सालच्या 'झेल्डा' या खेळासाठी राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची जुनी रचना वापरायचे ठरले होते. तिच्या हक्काची मुदत संपलेली नाही, हे अगदी शेवटी कळले. कोंदोंनी एका रात्रीत नवी चाल उभी केली. आज त्या खेळाचे संगीत मोठे वाद्यवृंद सभागृहांत वाजवतात आणि लोक तिकीट काढून ऐकायला जातात.

मानही मिळाला, पण उशिरा. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत मारिओची चाल घेतली. त्या यादीत गेलेले हे पहिलेच व्हिडीओ गेमचे संगीत. चाल बांधून तोवर ३८ वर्षे झाली होती.

घरात एखादे पोर साध्या कीबोर्डवर किंवा मोबाईलवर सूर जुळवत बसले, तर "काय टकटक लावलीय" म्हणून लगेच रागावू नका. अभ्यास झालाय का, एवढे पाहा आणि मग वाजवू द्या. त्यातूनही पोट भरता येते.

आणखी एक. जयंतीला वस्तीत गाणी लागतात. गायकाचे नाव आपल्याला ठाऊक असते. गीत कोणी लिहिले, चाल कोणी बांधली, हे या वेळी पोरांना विचारा. त्यांना सांगता आले नाही तर घरातल्या जाणत्या माणसाला विचारून वहीत लिहून ठेवायला सांगा.